हरिभाऊ आणि आळशी दगड

शरयू गेल्यावर समाचाराला जी माणसं आली, त्यांत माझं सांत्वन न करणारे हरिभाऊ म्हात्रे एकटेच. ते आले, चपला बाहेर काढल्या, सतरंजीच्या कडेला बसले आणि खांद्यावरच्या कापडी पिशवीतून साबणाच्या वडीपेक्षा थोडा मोठा असा एक पिवळा डबा काढून त्यांनी शरयूच्या फोटोखाली, समईशेजारी ठेवला. डब्यातून आवाज आला. टिक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टिक. खोलीतली माणसं आधीच गप्प होती, ती आणखी गप्प झाली. हरिभाऊंनी डोळे बारीक करून डब्याच्या काचेवर पाहिलं आणि मान हलवली.

"जाम कमी हाय," ते म्हणाले.

माझ्या मेहुणीला वाटलं, समईतल्या तेलाबद्दल बोलतायत. ती उठून आत गेली आणि तेल घालून आली. हरिभाऊंनी पुन्हा काचेवर पाहिलं.

"आता पन तेवढंच." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, असल्या घरात मानूस तग धरनार कसा?"

त्यांनी डबा पिशवीत टाकला, फोटोला नमस्कार केला आणि ते निघून गेले. जाताना दाराच्या उंबऱ्याचा दगड वाकून बोटानं ठोकला, तोही त्यांना पसंत पडला नसावा. मेहुणीनं विचारलं, "हे कोण?" मी म्हटलं, "शेजारी." ती म्हणाली, "मला हा माणूस सरळ वाटला नाही." मलाही वाटला नव्हता.

मी मास्तर कधीच नव्हतो. एका कॉलेजच्या ग्रंथालयात होतो आणि निवृत्त झाल्यावर थळच्या अलीकडे, वाडीतल्या चार सुपाऱ्यांच्या आडोशाला लहानसं घर बांधून आम्ही दोघं राहायला आलो. गावात चष्मा आणि पुस्तकं एकाच माणसाजवळ दिसली की तो मास्तर होतो. आणि ज्याच्या पिशवीतून आवाज येतो, तो टिकटिक होतो. हरिभाऊंना गावात सगळे टिकटिक म्हणत. तोंडावर म्हटलं तरी त्यांची हरकत नसे. पिवळ्या डब्याला ते स्वतः मीटर म्हणत. हा मीटर किरण मोजतो. डोळ्यांना न दिसणारे, नाकाला न कळणारे किरण.

दगड, माती, पाणी, हवा, केळं आणि माणूस या सगळ्यांतून असे किरण सतत किंचित निघत असतात. एवढं खरं आहे, मी पुस्तकांतून तपासून घेतलं. याच्या पुढे हरिभाऊंची स्वतःची पायवाट सुरू होते. त्यांचं म्हणणं असं, की हे किंचित किरण शरीराला नुसते निरुपद्रवीच नाहीत, ते पोषक आहेत. मिठासारखे. आणि आपण सगळे उपाशी आहोत.

"पेशी म्हंजे काय, मास्तर?" ते मला पहिल्यांदा समजावत होते तेव्हा म्हणाले. "पेशी म्हंजे सरकारी हापिस. कोन विचारनारा नसला क सगले टेबलावर डोकं ठेवून झोपतात. अधनंमधनं वरचा साहेब येऊन दम देऊन गेला पायजे. मंग फायली हालतात. जुनं मोडलेलं दुरुस्त व्हतं. साहेब रोज आला तर हापिस बंद पडंल. कधीच न आला तरी बंद पडंल. थोडा यायला पायजे. थोडा."

'थोडा' हा शब्द ते अंगठा आणि तर्जनी यांच्यात चिमूटभर हवा धरून म्हणत.

आता आमच्या किनाऱ्याचं दुर्दैव असं, की हा साहेब इकडे फिरकत नाही. सगळा मुलूख ज्वालामुखीच्या काळ्या दगडाचा, आणि या दगडातून निघणारे किरण फारच कमी. दक्षिणेकडे लाल-गुलाबी ग्रॅनाइट आहे, केरळच्या किनाऱ्यावर तर वाळूच किरणांची आहे. इथे समुद्र, नारळ, सुपारी, सगळं देऊन देवानं दगडात हात आखडला. "आपला दगड काला, पन आलशी," हरिभाऊ म्हणत. अलिबागच्या किल्ल्याच्या तटाकडे बोट दाखवूनही ते हेच म्हणत. पर्यटक उभे राहून तटाचे फोटो काढत असत आणि हरिभाऊ त्यांच्या मागून हळूच सांगत, "दिसायला बरा हाय. आत काय न्हाय."

हा माणूस कशावरही विश्वास ठेवत नसे. डॉक्टर, टाइल्सचे दुकानदार, बाटलीतलं पाणी, रेडिओवरचं हवामान, सगळ्यांना त्यांचा एकच प्रश्न: "आकडा कुठाय?" डॉक्टर म्हणाला रक्तदाब ठीक आहे, आकडा कुठाय. जावई चांगला आहे असं कोणी सांगितलं, तरी आकडा कुठाय. गावाजवळच्या कारखान्याचा भोंगा वाजला की ते घड्याळाकडे बघून संशयानं मान हलवत, जणू भोंग्यानंच काही लपवलं आहे.

नलू कोळीण सकाळी पाटी घेऊन यायची. तिच्याशी त्यांचा वाद ठरलेला. हरिभाऊ पिशवीत हात घालायचे आणि ती लांबूनच ओरडायची.

"माज्या पाटीला तुजा डबा लावशील तर याद राख, मेल्या. मासली ताजी हाय क शिली, हे आता डबा सांगनार?"

"ताजी-शिली न्हाय गो. बोंबलात किती हाय ते बघायचं हाय."

"बोंबलात बोंबील हाय. घ्यायचा तर घे."

"आकडा कुठाय?"

"घरी इसरले," नलू म्हणायची आणि पाटी उचलून चालू लागायची.

त्यांच्या पडवीत एक बसायचा ओटा होता, लाल ग्रॅनाइटचा. साध्या मातीच्या भिंती, मंगलोरी कौलं, आणि मधोमध हा चकचकीत दगड. पाहुण्याला त्यावरच बसावं लागे. जो जास्त मरगळलेला दिसेल, त्याला जास्त वेळ. स्वतः ते दुपारी त्यावर उताणे झोपत आणि उठताना कंबर धरून उठत. कंबर दगडाच्या कडकपणामुळे धरते असं मी एकदा म्हटलं. "पेशी जाग्या व्हत्यात," ते म्हणाले, "आवाज व्हनारच."

हा दगड त्यांच्याकडे कसा आला, हे गाव वेगवेगळ्या चवीनं सांगतं. समुद्राच्या बाजूला मुंबईकरांचे बंगले झाले आहेत. त्यांतल्या एका बंगल्यात स्वयंपाकघराचा ओटा लाल ग्रॅनाइटचा होता. हरिभाऊ तिथे नारळ उतरवण्याचं सांगायला गेले आणि पिशवीतला मीटर ओट्यावर ठेवून बसले. मीटर खुशीत आला. टिकटिकटिक. हरिभाऊ हरखले. त्यांनी मालकीणबाईंचं मनापासून अभिनंदन केलं. "वैनी, नशीबवान हाव. अख्ख्या गावात असा ओटा न्हाय. यातून किरण येतात. रोज इथं उभं राहून भाकरी करा, दुसरं औषध नको."

बाई दुसऱ्या दिवशी मुंबईला परत गेल्या. पुढच्या आठवड्यात कामगार आले, ओटा उखडला, आणि बाहेर टाकलेला दगड हरिभाऊंनी हातगाडीवर घालून घरी आणला. खरं तर असल्या ओट्याला घाबरण्यासारखं काही नसतं. पण बाईंना कोण सांगणार?

गावाचं मत पडलं, की टिकटिकनं डाव टाकला. मीही तसंच धरून चाललो होतो. मी एकदा सरळ विचारलं. ते खरोखर दुखावले. "मास्तर, बाईनं सोन्यासारखा ओटा काढून टाकला. दोन रात्री मला झोप आली न्हाय. टाकलाच हाय तर उनात कशाला पडू द्यायचा?" त्यांच्या चेहऱ्यावर खोटेपणा दिसला नाही. पण खोटेपणा दिसला नाही, याचंही मी समाधान मानून घेतलं नाही. एखाद्या गोष्टीचे गुण सांगत फिरणारा माणूस ती गोष्ट विकत नसेल, तर तो ती स्वतःलाच विकत असला पाहिजे, असं मला वाटत होतं. का, ते कळत नव्हतं.

शरयूच्या जाण्यानंतर ते माझ्याकडे वारंवार येऊ लागले. कारण उघड होतं. मोबाइलवर त्यांना कुठून कुठून इंग्रजी लेख येत, ते वाचायला माणूस हवा होता. मी वाचत असे. मलाही दुपारी करण्यासारखं काही नव्हतं. घरात दोन खुर्च्या होत्या आणि दुसरीवर वर्तमानपत्रं साठत होती. हरिभाऊ ती वर्तमानपत्रं उचलून जमिनीवर ठेवत आणि तिथे बसत, हे मला खुपत असे.

वाचून मला जे कळलं ते थोडक्यात असं. फार किरण वाईट, यावर सगळ्यांचं एकमत आहे. फार थोडे किरण चांगले, की किंचित वाईट, की काहीच नाही, यावर शहाणी माणसं एकमेकांवर चिडलेली आहेत. पेशी स्वतःची मोडतोड दुरुस्त करतात हे खरं. धक्का बसला की काही वेळा जोमानं करतात, हेही काही ठिकाणी दिसलं आहे. पण काचेच्या बशीतली पेशी वेगळी आणि तंबाखू खाणारा, चिंता करणारा, म्हातारा होणारा माणूस वेगळा. इतक्या बारीक फरकाचा माग माणसांच्या गर्दीत लागत नाही.

"म्हंजे ठरलं न्हाय," हरिभाऊ म्हणाले.

"नाही ठरलं."

"म्हंजे चांगलं असू शकतं."

"वाईटही असू शकतं."

त्यांनी माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं. "तुमी जाम संशयी हाव, मास्तर. वैनी कशा नांदल्या तुमच्याबरोबर?"

मी मोबाइल त्यांच्या हातात परत दिला. शरयूचा उल्लेख त्यांच्या तोंडून मला नको होता. तिला घशाचा आजार झाला होता आणि मुंबईच्या मोठ्या इस्पितळात तिला किरणांचे उपचार दिले. आमच्याकडे त्याला शेक म्हणतात. शब्द ऐकून गरम पाण्याची पिशवी डोळ्यांसमोर येते. तिची मानेची कातडी काळी पडली, तोंडाची चव गेली, पेजसुद्धा गिळवेना. आजार फार उशिरा कळला होता, दोष उपचाराचा नव्हता, हे मला कळत होतं. तरी त्या दिवसांत आम्ही मुंबईला जायला मांडव्याची लाँच पकडायला निघत असू तेव्हा हरिभाऊ पडवीत उभे असलेले दिसत. हात वर करत नसत, विचारपूस करत नसत. दगडासारखे उभे. किरणांचे गोडवे गाणारा माणूस किरणांनी भाजलेल्या बाईकडे बघतो आहे, आणि एक शब्द बोलत नाही. ते मी विसरलो नव्हतो.

एकदा नलू बोंबील साफ करता करता म्हणाली, "टिकटिकची बायको पन तशीच गेली. मंजुला. तुमाला म्हाईत न्हाय?"

मला माहीत नव्हतं. नलूनं सांगितलं ते असं. हरिभाऊ पूर्वी इथल्याच एका कारखान्याच्या उभारणीवर ठेकेदाराकडे होते. मोठमोठ्या पाइपांचे वेल्डिंगचे जोड पक्के बसले की नाहीत ते किरणांनी फोटो काढून पाहतात, तसल्या कामावर. मग मंजुळावहिनींना रक्ताचा आजार झाला. गाव म्हणालं, नवऱ्यानं कपड्यांतून घरी आणलं. हिनं त्याचे कपडे धुतले, हिला लागलं. बायका विहिरीवर तिच्या शेजारी धुणं धुवेनात.

"तू पण?" मी विचारलं.

नलू बोंबलाचं डोकं कापत राहिली. "मी तवा नवी नवरी. सगल्या म्हनत व्हत्या तर मी पन."

पुस्तकांतून मला एवढं समजलं होतं, की त्या कामातलं किरणांचं द्रव्य जाड डबीत बंद असतं, कपड्यांना काही चिकटत नाही. हे हरिभाऊंनाही ठाऊक असणार. त्यांनी मीटर घेतला तो मंजुळावहिनी गेल्यानंतर, आणि आधी स्वतःचं घर मोजलं, मग लोकांची. सगळीकडे सारखाच आकडा. ते दारोदार हेच दाखवत फिरले. बघा, माझ्या घरात जेवढे तेवढेच तुमच्या घरात. कोणी ऐकलं नाही, मीटरच्या आवाजाला मात्र नाव पडलं. 'सारखे आहेत' हे कुणी ऐकेना, तेव्हा कधीतरी त्याचं 'चांगले आहेत' झालं असावं. हा माझा अंदाज.

श्रावणात त्यांचा आवाज बसला. पावसाचं पाणी बाधलं म्हणाले. हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं. आवाज बसलेलाच राहिला. मी तो आवाज ओळखत होतो. माझ्या घरात तो आवाज वर्षभर होता. मी त्यांच्या मागे लागलो, अलिबागच्या डॉक्टरकडे ढकललं, तिथून त्यांना मुंबईला, शरयूच्याच इस्पितळात पाठवलं. ते एकटेच जाऊन आले. परतले ते फाइल घेऊन थेट माझ्याकडे.

"इंग्लिश हाय. वाचा."

मी वाचलं. गाठ लहान होती. वेळेत सापडली होती. शेक घेतला तर बरं होण्याची चांगली आशा होती. मी हे मराठीत सांगितलं, हळूहळू.

"जानार न्हाय," हरिभाऊ म्हणाले आणि फाइलनं वारा घेत उठले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या पडवीत गेलो. लाल ओट्यावर बसलो. मीटर कोनाड्यात टिकटिकत होता.

"हरिभाऊ, तुम्ही तर किरणांचे भक्त."

"थोड्याचा, मास्तर. थोड्याचा. तिथं थोडं न्हाय. तिथं साहेब येऊन हापिसालाच आग लावतो."

"आग लागलेलीच आहे. घशात."

"आकडा कुठाय?"

मी फाइल उघडून बरं होण्याच्या टक्क्यांवर बोट ठेवलं. "हा."

आयुष्यभर हा प्रश्न विचारणाऱ्या माणसाला बहुधा पहिल्यांदाच कोणी उत्तर दाखवत होतं. त्यांनी पाहिलं आणि फाइल मिटली. "हा त्यांचा आकडा."

"तो आकडा शरयूच्या वाट्याला यावा म्हणून मी काय दिलं नसतं," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. "तुम्हाला वेळेत मिळालाय आणि तुम्ही त्यानं वारा घेताय. उद्या आवाज जाईल, मग गिळणं जाईल, मग तुमचा मीटर काय करणार? का जायचं नाही ते तरी सांगा."

ते दाराकडे पाहत होते. त्यांच्या दाराच्या चौकटीला एका खिळ्यावर एक जुना बिल्ला टांगलेला असे. आगपेटीपेक्षा लहान, पाठीला पिन, प्लॅस्टिक पिवळं पडलेलं. हरिभाऊ घराबाहेर पडताना तिथे क्षणभर थांबत, शर्ट खाली ओढून ताठ उभे राहत आणि मग निघत. मी याची नोंद घेतली होती आणि अंधश्रद्धेच्या खात्यात टाकली होती.

"हा कंपनीचा," ते म्हणाले. "कामावर छातीला लावायचा. आत फिल्म असायची. आपल्या अंगावर किती किरण पडले ते तीवर उमटायचं. फिल्म मुंबईला जायची, तिथं मोजायची. हा काय अडवत न्हाय, मास्तर. मोजतो फक्त."

"मग?"

"मंजुलाला वाटायचं हा राखतो."

त्यांनी बिल्ल्याकडे बोट केलं.

"ताइतासारखा. कंपनीनं राखन दिलीय, असं गावभर सांगायची. रोज सकाली सोताच्या हातानं लावायची. पिन दातात धरायची आनि म्हनायची, हलू नको. लावल्याबिगर उंबरा वलांडू द्यायची न्हाय. मी कधी सांगितलं न्हाय तिला. सांगितलं असतं तर कामाला सोडलं नसतं."

पुढचं ते दगडावरची धूळ बोटानं पुसत बोलले. मंजुळावहिनींना शेकासाठी मुंबईच्या त्याच इस्पितळात नेलं. पहिल्याच दिवशी त्यांनी पिशवीतून हा बिल्ला काढला आणि नवऱ्याला म्हणाल्या, आज तू लाव. हरिभाऊंनी त्यांच्या पदराला लावला. शेकाच्या खोलीच्या दारातला माणूस चांगला होता, हसला. म्हणाला, मावशी, हा काढून ठेवा. हा वाचवत नाही, नुसता मोजतो.

"आत गेली. भाईर आली. त्याच दारात उभी राहून मला म्हनाली, मंग इतकी वर्सं मी रोज काय लावत व्हते?"

कोनाड्यातला मीटर टिक करून गप्प झाला.

"रागानं न्हाय बोलली. खरंच विचारत व्हती. मी काय सांगनार, मास्तर? परत कधी तिनं विचारलं न्हाय. बिल्ला पन लावला न्हाय." मग म्हणाले, "तुमी वैनींना घेऊन लाँचला जायचाव ना, तवा मला विचारायचं असायचं. ते दार तिथंच हाय क बदललं. पन तोंडातून निघालं न्हाय. त्या दारात मी परत उभा राहनार न्हाय."

बुडाखाली ग्रॅनाइट गार लागत होतं. ते दार मलाही माहीत होतं. त्या दारासमोर एक बाक आहे. त्यावर बसून मी शरयूची वाट पाहिली होती आणि पुन्हा जन्मात त्या बाकाचं तोंड पाहणार नाही, असं ठरवलं होतं.

"त्या दारासमोर बाक आहे," मी म्हणालो.

"ठाऊक हाय. लाकडाचा."

"आता दगडाचा आहे. लाल."

हरिभाऊंनी वर पाहिलं. "लाल?"

"या ओट्यासारखा."

"दक्षिनेचा असंल."

"असेल."

"मोजायला पायजे."

"मीटर घ्या बरोबर. तुम्ही आत असाल तेव्हा मी बसून मोजत जाईन. रोज."

तो बाक लोखंडी आहे. पत्र्याचा, भोकाभोकांचा. बराच वेळ बसलं की भोकांचे वण मांडीवर उठतात. मी इतकं सरळ खोटं क्वचितच बोललो असेन आणि समोर गावातला सर्वांत संशयी माणूस होता. आता विचारतील, आकडा कुठाय, म्हणून मी वाट पाहत होतो. त्यांनी माझ्याकडे नीट, पुष्कळ वेळ पाहिलं. विचारलं नाही.

"सोमवारी जाऊ," म्हणाले.

सोमवारी सकाळी ते पांढरा शर्ट घालून, गळ्याला मफलर गुंडाळून तयार होते. पिशवीत फाइल आणि मीटर. नलू पाटी घेऊन समोरून चालली होती, ती थांबली.

"कुठं चाललाव दोघं?"

"मुंबईला," हरिभाऊ बसक्या आवाजात म्हणाले. "बाक मोजायला."

नलूच्या जिभेवर काहीतरी तिखट आलं होतं, ते तिनं मफलरकडे बघून गिळलं. डोक्यावरची पाटी सावरत म्हणाली, "लवकर ये, मेल्या. माजी पाटी मोजायची राहिलीय."

ती वळणापलीकडे गेली. हरिभाऊंनी दाराला कडी लावली, आणि सवयीप्रमाणे शर्ट खाली ओढून चौकटीपाशी उभे राहिले. ताठ, हात मांड्यांशी, नजर समोर. उभेच राहिले. लाँचची वेळ होत होती. मी खिळ्यावरचा बिल्ला काढला.

"आत फिल्म न्हाय, मास्तर," ते म्हणाले. "आता तर हा मोजत पन न्हाय."

"हलू नका," मी म्हणालो.

ते हलले नाहीत. पिन बोथट झाली होती, आणि मला त्या कामाची सवय नव्हती. वेळ लागला.